सफरचंद पुढे, साखर मागे

बाळाच्या खाण्याच्या डब्याबद्दल माझी पहिली तक्रार अक्षरांच्या आकाराची आहे. डब्याच्या पुढच्या बाजूला सफरचंद मुठीएवढं छापलेलं असतं. देठाला हिरवं पान, सालीवर पाण्याचे थेंब. ते सफरचंद डब्यात नक्की किती आहे, हे मात्र मागे लिहिलेलं असतं, तेही पिवळ्या रंगावर पांढऱ्या अक्षरांत, खोक्याची कड चिकटवतात नेमकी तिथे. अक्षरं तांदळाच्या कणीपेक्षा बारीक. कधी त्यांच्यावरच यंत्राने ठिपक्याठिपक्यांत बॅच नंबर आणि तारीख मारलेली असते. एका कडेवर नात, दुसऱ्या हातात खोकं, चष्मा कपाळावर, अशा अवस्थेत मी स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभी राहून हे वाचते. वाचायला लागतंच, कारण त्यातलं जाणार आहे सहा महिन्यांच्या पोटात.

घटकांची यादी कशी वाचायची हे एकदा कळलं की ती फार बोलते. नियमच असा आहे की जो घटक वजनाने सर्वांत जास्त तो आधी, मग त्याच्याहून कमी, मग त्याहून कमी. आमच्या घरी आलेल्या एका खोक्यावर पुढे ठळक ‘नाचणी’ होतं. चित्रही नाचणीच्या कणसाचं, त्या गडद तपकिरी बोटांसारख्या लोंब्यांचं. मागे यादीत पहिला गहू, दुसरी दूध पावडर, मग साखर, आणि साखरेनंतर नाचणी. म्हणजे त्या खोक्यात नाचणीपेक्षा साखर जास्त होती. हे खोटं नाही, मागे सगळं लिहिलेलं आहे. पण ज्या बाईने नाचणी बघून खोकं उचललं तिला गहू आणि साखर मिळाली. फळांच्या खोक्यांचंही तेच. पुढे चार फळं आणि मागे फळांची पावडर किंवा आटवलेला रस, तोही यादीच्या शेवटाकडे, जीवनसत्त्वांच्या शेजारी.

ही यादी असते इंग्रजीत, फार तर हिंदीत. लेबलवरचा मजकूर इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत हवा, एवढंच केंद्राचा नियम सांगतो. राज्याची भाषा जोडली तर चालते, पण ती सक्तीची नाही. महाराष्ट्रात दिवसभर बाळ सांभाळणाऱ्या किती आज्या, मावशा, पाळणाघरातल्या बायका ‘माल्टोडेक्स्ट्रिन’ हे इंग्रजी अक्षरांत वाचून त्याचा अर्थ लावतील? माल्टोडेक्स्ट्रिन म्हणजे स्टार्चवर प्रक्रिया करून केलेली पावडर. ती चवीला फारशी गोड नसते, म्हणून ‘साखर’ या रकान्यात दिसत नाही, पण पोटात गेल्यावर ग्लुकोज व्हायला तिला वेळ लागत नाही. एवढं एक वाक्य मराठीत छापायला किती शाई लागते? डबा पुणे-नागपूर-कोल्हापुरात विकायचा असेल तर मराठीही हवी. ही मागणी अस्मितेपोटी नाही. ज्या हाताने भरवायचं त्या हाताला काय भरवतोय ते कळावं, एवढीच आहे.

आता साखर. एप्रिल 2024 मध्ये स्वित्झर्लंडमधल्या ‘पब्लिक आय’ या संस्थेने ‘इबफॅन’ या बालआहारासाठी काम करणाऱ्या जाळ्याबरोबर एक अहवाल काढला. नेस्लेच्या सेरेलॅकचे वेगवेगळ्या देशांतले डबे त्यांनी तपासले. भारतात विकल्या जाणाऱ्या, तपासलेल्या पंधराच्या पंधरा प्रकारांत वरून घातलेली साखर होती. एका वेळच्या खाण्यात सरासरी पावणेतीन ग्रॅमच्या आसपास. थायलंडमध्ये सहा ग्रॅमपर्यंत. याच कंपनीचं सहा महिन्यांच्या बाळांसाठीचं गव्हाचं खाद्य जर्मनीत आणि ब्रिटनमध्ये मात्र वरच्या साखरेशिवाय विकलं जात होतं. कंपनीने सांगितलं की आम्ही प्रत्येक देशाचे नियम पाळतो आणि गेल्या पाच वर्षांत साखर 30 टक्क्यांपर्यंत कमी केली आहे. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तिने जाहीर केलं की भारतातल्या 21 प्रकारांपैकी 14 आता ‘रिफाइंड शुगर’विना असतील.

मला या सगळ्या प्रकरणात राग आला तो एका साध्या गोष्टीचा. भारतातल्या खोक्यांवर साखरेचा आकडा छापलेला होता. तो लपवलेला नव्हता, मागच्या बाजूच्या तक्त्यात होता. तरी तो आपल्याला कळायला दुसऱ्या खंडातल्या माणसांनी डबे गोळा करावे लागले. एखादी माहिती छापलेली असूनही कोट्यवधी घरांत कोणाला दिसत नसेल, तर ती कुठे, किती बारीक आणि कोणत्या भाषेत छापायची हे ठरवणाऱ्यांचा तो दोष आहे. आईचा नाही.

आणि ‘नियम पाळतो’ हे कंपनीचं म्हणणं खरं आहे, हे तर जास्त क्लेशाचं. अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाचे, म्हणजे एफएसएसएआयचे, शिशुआहाराचे 2020 चे नियम आहेत. धान्याच्या खाद्यात साखर आणि फ्रुक्टोज घालू नये, असं त्यात आधी म्हटलंय. त्यापुढे सवलत दिली आहे: कर्बोदकांचा स्रोत म्हणून गरज असेल तर घालता येईल, मात्र एकूण कर्बोदकांच्या 20 टक्क्यांच्या वर नको. हिशेब करून पाहा. अशा खाद्याच्या 100 ग्रॅममध्ये साधारण 65 ते 70 ग्रॅम कर्बोदकं असतात. त्याचे 20 टक्के म्हणजे 13-14 ग्रॅम, तीन चहाचे चमचे भरून साखर. गव्हाच्या, तांदळाच्या पिठात कर्बोदकांची उणीव कधी असते? धान्य म्हणजेच कर्बोदकं. त्यात पुन्हा कर्बोदकांसाठी साखर घालायची गरज कोणत्या बाळाला भासली, हे त्या नियमाने कुठेही सांगितलेलं नाही.

सहा महिन्यांच्या बाळाला साखर लागत नाही. मीठही लागत नाही. आपल्याकडचे बालरोगतज्ज्ञ पहिल्या वर्षात दोन्ही घालू नका म्हणून वर्षानुवर्षं सांगत आहेत. मध तर वर्षाच्या आत मुळीच नको, कारण त्यातून बोट्युलिझमचा धोका असतो. जागतिक आरोग्य संघटनेने 2023 मध्ये सहा ते तेवीस महिन्यांच्या बाळांच्या वरच्या आहाराबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यातही साखर आणि मीठ जास्त असलेले पदार्थ या वयात देऊ नयेत, गोड पेयं देऊ नयेत, असं म्हटलंय. यामागचं कारण दातांपुरतं नाही. गोडाची ओढ बाळ जन्मतःच घेऊन येतं, ती शिकवावी लागत नाही. शिकवावी लागते ती दोडक्याची, पालकाची, वरणाची चव. नवी चव बाळाने स्वीकारावी म्हणून ती आठ-दहा वेळा तरी पुढे करावी लागते. पहिल्या दोन वेळांना ते तोंड वेडंवाकडं करतं, थुंकतं, चमचा ढकलतं. ज्या बाळाला रोज दोनदा व्हॅनिलाच्या वासाची गोड लापशी मिळते, त्याच्यापुढे भोपळ्याची वाटी धरून बघा. मी धरली आहे. ओठ असे घट्ट मिटतात की चमच्याचं टोकही आत जात नाही. मग घरचे म्हणतात, ‘हिला घरचं आवडतच नाही, डब्यातलं द्या.’ आणि डबा लवकर संपतो.

चवीइतकाच प्रश्न जिभेला काय जाणवतं त्याचा. डब्यातली लापशी कितीही ढवळली तरी अगदी गुळगुळीत. तोंडाने चोखायच्या फळांच्या पाऊचमधला गर तर त्याहून. आठव्या-नवव्या महिन्यापासून बाळाला थोडं भरड, थोडं कणीदार खायला लागतं, म्हणजे जबड्याला आणि जिभेला चावायची सवय होते. पाऊच चोखून ती होत नाही. प्रवासात एखाद्या वेळी ठीक. पण मॉलमध्ये बाबागाडीत बसलेली बाळं ते पाऊच तोंडात धरून तासन्‌तास असतात, आणि दात येत असताना ते गोड पाणी हिरड्यांवर रेंगाळतं, याचं कोणालाच काही वाटत नाही.

‘रिफाइंड शुगर नाही’ ही पाटी आता सगळीकडे दिसते. त्यात गूळ असतो, खजुराची पावडर असते, सफरचंदाचा आटवलेला रस असतो. गुळाबद्दल आपल्या घरांत आदर आहे आणि मोठ्यांनी पुरणपोळीबरोबर तो जरूर राखावा. पण मध, पाक, आटवलेला फळांचा रस यांना जागतिक आरोग्य संघटना साखरेच्याच हिशेबात धरते, आणि बाळाचं शरीर गूळ की साखर असा भेद करत नाही. घरगुती म्हणून विकल्या जाणाऱ्या पाकिटांचं तर विचारूच नका. ‘आईच्या हातचं’, ‘आजीची रेसिपी’ असं पुढे लिहिलेलं, भोवती वारली चित्रं, आणि मागे पोषणमूल्यांचा तक्ताच नाही. असलं एक पाकीट आमच्याकडे भेट म्हणून आलं. सुकामेवा, नाचणी, गूळ असं लिहिलं होतं, कोणाचं किती ते नाही. आजीच्या नावाने विकता आहात, तर आजीला निदान हिशेब द्या.

एक गोष्ट मान्य केली पाहिजे, कारण ती खरी आहे. डब्यातल्या धान्यात वरून लोह घातलेलं असतं, आणि त्याचा उपयोग होतो. पोटात असताना साठवलेलं लोह सहाव्या महिन्याच्या सुमारास संपत येतं आणि आईच्या दुधात लोह थोडं. 2019 ते 21 या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पाच वर्षांखालच्या मुलांत रक्तक्षय 67 टक्के निघाला, महाराष्ट्रात त्याहून थोडा जास्त. सहा ते तेवीस महिन्यांच्या बाळांपैकी पुरेसा आणि वेगवेगळ्या अन्नगटांचा आहार मिळतो तो देशात जेमतेम 11 टक्क्यांना. अशा देशात लोहयुक्त धान्याचं पाकीट हे वाईट साधन नाही. म्हणून तर साखरेचा राग जास्त येतो. जे पाकीट या बाळांसाठी खरोखर कामाचं ठरलं असतं, ते साखर घालून गोड केलं.

पाकीट घरात का येतं, हेही नीट सांगायला हवं, कारण ‘आजकालच्या आया आळशी’ हे वाक्य मी लग्नकार्यांत फार ऐकलं आहे आणि मला ते सहन होत नाही. 2017 च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन मुलांसाठी बाळंतपणाची पगारी रजा 26 आठवडे झाली. 26 आठवडे म्हणजे सहा महिने. वरचं अन्न सुरू करायचं वय सहा महिने. म्हणजे ज्या आठवड्यात बाळाचं उष्टावण करायचं, त्याच आठवड्यात आईने सकाळची लोकल धरायची. बाळंतपणाआधी काही आठवडे रजा घेतली असेल तर बाळ चार-पाच महिन्यांचंच असताना. आणि ही रजा नोंदणी असलेल्या नोकरीतल्या बायकांची. धुणीभांडी करणारी, ऊसतोडीला जाणारी, भाजी विकणारी, हिला कसली रजा? अंगणवाडीतून तिला घरी न्यायचं पाकीट मिळतं, आणि त्या पाकिटातही काय आहे, किती गोड आहे, हे तितक्याच काटेकोरपणे तपासलं पाहिजे. सरकारी पाकीट म्हणून सूट नको.

माझी सून संध्याकाळी घरी येते तेव्हा नात झोपेला आलेली असते. ‘आई, आज काय खाल्लं तिने?’ हा तिचा पहिला प्रश्न. त्यात हेवा नसतो, काळजी असते. तिने खोकं आणलं ते तिला वेळ नव्हता म्हणून. तिच्या त्या नसलेल्या वेळावर कोणीतरी सफरचंद छापून पैसे करतो.

कायदा नाही असं नाही. 1992 चा कायदा आहे, दुधाचे पर्याय, दूधबाटल्या आणि शिशुआहार यांबद्दलचा. 2003 मध्ये तो आणखी कडक झाला. दोन वर्षांखालच्या बाळाच्या अन्नाची जाहिरात करायची नाही, फुकट नमुने वाटायचे नाहीत, भेटवस्तू द्यायच्या नाहीत, डब्यावर बाळाचं किंवा बाईचं चित्र छापायचं नाही. जगातल्या चांगल्या कायद्यांपैकी हा एक. म्हणून तर डब्यावर गुटगुटीत बाळ दिसत नाही. बाळाची जागा फळांनी घेतली. आणि दोन वर्षं ओलांडली की त्याच रंगांचं, तशाच नावाचं मोठ्या मुलांचं खाद्य टीव्हीवर, मोबाइलवर नाचायला लागतं. ती जाहिरात बघणाऱ्या घरात पाळण्यात आठ महिन्यांचं भावंड असतंच. आमच्या जवळच्या मेडिकलमध्ये हे डबे डायपरच्या शेजारी, नजरेच्या उंचीवर मांडलेले असतात. आठ महिन्यांच्या बाळाला काय द्यावं असं विचारलं की दुकानदार मागे वळून न बघताच हात वर करून डबा काढतो.

किरकोळ तक्रारीही आहेत आणि त्या मला किरकोळ वाटत नाहीत. आतली पिशवी एकदा कापली की बंद होत नाही. पीठ बरणीत ओतावं लागतं, खोकं कचऱ्यात जातं, आणि किती पाण्यात किती पीठ हा तक्ता त्याच्याबरोबर जातो. तक्त्यात ‘मापाचे इतके चमचे’ लिहिलेलं असतं आणि मापाचा चमचा पाकिटात नसतो. मग कोणी पोह्याचा चमचा घेतं, कोणी चहाचा. पातळ झालं तर पोट भरत नाही, घट्ट झालं तर बाळाला शी करताना त्रास होतो. शिवाय बाळाने किती खावं हे खोक्यानेच ठरवलेलं. तेवढं संपलं नाही की घरातली मोठी माणसं मान धरून भरवतात. बाळाने तोंड फिरवलं म्हणजे त्याचं पोट भरलं, हे त्या तक्त्याखाली एका ओळीत छापता आलं असतं.

घरी काय करायचं ते आपल्या बायकांना ठाऊक आहे. तीन वाट्या तांदूळ आणि एक वाटी मूगडाळ धुऊन, पंच्यावर सावलीत सुकवून, मंद आचेवर वेगवेगळी भाजायची. डाळीचा खमंग वास सुटला की उतरवायची. गार झाल्यावर मिक्सरला रवाळ काढायची, अगदी पीठ नाही. दोन चमचे भरड पाण्यात कालवून शिजवली की खिमट तयार, वर अर्धा चमचा तूप. नवव्या महिन्यात तीच भरड थोडी जाड काढायची. नाचणी रात्रभर भिजवून, फडक्यात बांधून मोड आणले, वाळवून दळली की तिच्या पिठात कॅल्शियम भरपूर, 100 ग्रॅममध्ये साधारण साडेतीनशे मिलिग्रॅम. पण घरच्या खिमटाचीही मर्यादा आहे, ती झाकण्यात अर्थ नाही. नुसत्या तांदूळ-डाळीतून लोह पुरत नाही. त्यात उकडलेली पालेभाजी, घरात चालत असेल तर अंड्याचा बलक, मासा, चिकनचा बारीक कुस्करा घालावा लागतो, आणि डॉक्टरांनी लोहाचे थेंब दिले असतील तर ते ‘गरम पडतात’ म्हणून बंद करायचे नसतात. ज्यांच्याकडे ही भरड करायला दुपार नाही, त्यांच्यासाठीच तर पाकीट नीट असायला हवं.

लेबल बदलता येतं, हे नुकतंच दिसलं. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष साखर भरलेल्या पेयांवर ‘ओआरएस’ हे नाव छापण्याविरुद्ध अनेक वर्षं लढत होत्या. जुलाब झालेल्या बाळांना आया विश्वासाने ती पेयं पाजत होत्या. 14 ऑक्टोबर 2025 ला एफएसएसएआयने आदेश काढला आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे नसलेल्या पेयांना ते नाव वापरायची परवानगी काढून घेतली. एका बाईने हे प्रकरण सोडलं नाही म्हणून हे झालं.

मग शिशुआहाराच्या नियमातली ती 20 टक्क्यांची सवलतही काढता येईल. बाळाच्या खाद्यात वरून साखर नको. तिच्या जागी गूळ, खजूर किंवा आटवलेला रस आला तर तोही साखर म्हणूनच मोजावा. पुढे ज्याचं चित्र, त्याचं टक्केवारीतलं प्रमाण चित्राखालीच छापावं. आणि महाराष्ट्रात विकायच्या डब्यावर घटक मराठीत असावेत. चार ओळींचा बदल आहे, आणि कारखान्याला तो जमतो हे जर्मनीतल्या आणि ब्रिटनमधल्या डब्यांनी दाखवून दिलं आहे.

तुमच्या घरात सहा महिन्यांचं बाळ असेल, तर आज स्वयंपाकघरातलं खोकं उलटं करा आणि घटकांतली पहिली चार नावं वाचा. त्यांत साखर असेल तर कंपनीच्या ग्राहक क्रमांकावर फोन करा आणि विचारा की बाळाला ती कशासाठी. मिळेल ते उत्तर एफएसएसएआयला लिहून कळवा. मी लिहिलं आहे. तुम्हीही लिहा.